छोट्या धार्मिक एचिंगमधला काळोख, प्रभावळ आणि कोरी जागा

प्रश्न थोडक्यात असा आहे: उभ्या 9 × 13 सेंटिमीटरच्या तांब्याच्या प्लेटवर मरिया आणि बाळ येशूचं एचिंग चाललं आहे (तांब्यावर संरक्षक थर द्यायचा, त्यात सुईनं रेषा काढायच्या, त्या ॲसिडला खाऊ द्यायच्या आणि त्यांत शाई भरून कागदावर छापायचं). मागची भिंत काळी करायला गेलं की ती मळकट राखाडी होते. डोक्यामागची प्रभावळ वरून चिकटवल्यासारखी दिसते. देवदूत, तारा, गोठा, मेंढपाळ असं सगळं घेतल्यावर आई आणि मूल गर्दीत हरवतात. रेम्ब्रांटनं जवळपास याच मापाच्या, मांजर आणि साप असलेल्या चित्रात हे कसं सांभाळलं?

चित्र अगदी योग्य निवडलंत. मी गेली कित्येक वर्षं त्या एका चित्राकडे परत परत जाते. 1654 सालचं हे एचिंग साधारण 9.5 × 14.5 सेंटिमीटरचं, म्हणजे तळहातावर मावेल एवढं आहे. येशूच्या बालपणावर त्या सुमारास त्यानं साधारण याच मापाची सहा चित्रं केली. मेंढपाळांचं दर्शन, गोठ्यातली सुंता, ओढा ओलांडून मिसरला पलायन, मंदिरात पंडितांशी वाद, मंदिरातून आईवडिलांसोबत परतणं, आणि हे. बाकीच्या पाचांना शास्त्रातल्या प्रसंगाचा आधार आहे. इथे तसा प्रसंग काहीच नाही. घरातली एक खोली, जमिनीलगत बसलेली आई, तिनं घट्ट कवटाळलेलं बाळ. खिडकीबाहेरून योसेफ आत बघतो आहे. झग्याच्या काठाशी मांजर खेळतं आहे आणि मरियेच्या पायाखाली साप आहे. बस्स.

तुमच्या आणि त्या प्लेटमधला मुख्य फरक मला असा दिसतो. तुम्ही प्रत्येक अर्थासाठी एक नवी वस्तू आणता. पावित्र्यासाठी प्रभावळ, स्वर्गासाठी देवदूत, रात्रीसाठी काळी भिंत. मोठ्या कॅनव्हासवर हे खपून जातं. एवढ्याशा तांब्यावर मात्र एकेका वस्तूला दोन-तीन कामं करावी लागतात, आणि जी एकच काम करते तिला जागा मिळत नाही.

त्या खिडकीचंच बघा. उजेड तिथूनच येतो, त्यामुळे चित्रातल्या सगळ्या सावल्यांना कारण मिळतं. तावदानांची नक्षी मरियेच्या डोक्यामागे अशी नेमकी येते की तीच तिची प्रभावळ होते. वेगळं कडं काढायची गरजच उरत नाही. शिवाय तीच खिडकी योसेफाला बाहेर ठेवते. तो जवळ आहे, बघतो आहे, पण आई आणि मुलाच्या मिठीत त्याला जागा नाही. नात्यातलं हे अंतर चेहऱ्यावरच्या भावांनी दाखवायला गेलं असतं तर किती खटाटोप करावा लागला असता! इथे ते काम एका चौकटीनं केलं.

साप आणि मांजर यांचंही तसंच. पायाखालचा साप म्हणजे उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायातलं वचन, सापाचं डोकं ठेचलं जाईल हे. हे प्रतीक जुनं आणि जड आहे. त्यानं ते जमिनीवर, झग्याच्या घोळाशी ठेवलं, जिथे नजर सगळ्यात शेवटी पोचते. शेजारी मांजर असल्यामुळे तो भाग आधी घरगुती वाटतो, आणि साप दिसल्यावर आपण दचकून पुन्हा आईच्या चेहऱ्याकडे जातो. एवढ्या छोट्या चित्रात प्रेक्षकाला असा दुसऱ्यांदा वर पाठवणं ही रचनेतली सगळ्यात अवघड गोष्ट आहे असं मी मानते.

आता बसण्याची पद्धत. मरियेची ही बैठक आणि बाळाच्या गालाला टेकलेला गाल त्यानं पंधराव्या शतकातल्या इटालियन चित्रकार मांटेन्याच्या एका कोरीव चित्रावरून घेतला आहे. 1656 साली रेम्ब्रांटचं दिवाळं निघालं तेव्हा त्याच्या सामानाची यादी झाली. त्या यादीत मांटेन्याच्या चित्रांच्या एका मौल्यवान पुस्तकाची नोंद आहे. म्हणजे मूळ चित्र त्याच्या हाताशी असणार. जमिनीवर बसलेल्या आईची ही जुनी कल्पना नम्रतेची मूर्ती म्हणून इटलीत रुळलेली होती. पण चित्रकाराच्या नजरेनं बघितलं तर तिच्यात आणखी एक गोष्ट सापडते. जमिनीवर बसलेल्या बाईचा झगा चहूकडे पसरतो आणि रुंद पायाचा त्रिकोण आपोआप तयार होतो. त्रिकोणाच्या वरच्या टोकाशी दोन डोकी एकमेकांना टेकलेली. एवढा भक्कम आकार हाती असला की बाकीची खोली कितीही सैलपणे काढली तरी चित्र ढळत नाही.

तुमची प्लेट उभी आहे. उभ्या चौकटीत बसलेल्या बाईच्या डोक्यावर खूप मोकळी जागा उरते, आणि ती भरायच्या मोहातून देवदूत आणि तारा आले असावेत असा माझा अंदाज आहे. दोन मार्ग आहेत. प्लेट आडवी फिरवा, किंवा वरची जागा एकाच मोठ्या, शांत आकाराला द्या: उंच खिडकी, कमान, पडदा. मी असते तर आडवी केली असती.

रेषेकडे येते, कारण खरा जीव तिथे अडकला आहे. 1645 साली फ्रान्सच्या अब्राहम बॉसनं एचिंगचं मार्गदर्शक पुस्तक काढलं. त्यात एचिंगची रेषा बुरिननं, म्हणजे तांबं कोरायच्या टोकदार हत्यारानं, कोरलेल्या रेषेसारखी दिसावी असा आग्रह आहे: मध्ये फुगीर, टोकाला निमुळती, शिस्तीत वळणारी. त्याच काळात रेम्ब्रांट उलट दिशेनं चालला होता. त्याचा ग्राउंड, म्हणजे ॲसिडपासून तांबं वाचवणारा थर, मेणासारखा मऊ असे, त्यामुळे सुई कागदावरच्या लेखणीसारखी फिरायची. 1654 च्या या प्लेट्समध्ये तर त्यानं रेषा फारच साधी केली. बऱ्याच ठिकाणी सरळ, समांतर, तिरकस रेषांचे पट्टे दिसतात. एक पट्टा संपतो, दुसरा थोड्या वेगळ्या कोनात सुरू होतो. कापडाच्या घडीला वळसा घालून जाणाऱ्या रेषा कमी. हीसुद्धा मांटेन्याचीच शिकवण; त्याच्या कोरीव कामात सावली अशाच तिरक्या समांतर रेषांनी पडते.

याचा फायदा काय? रेषा जर प्रत्येक घडीच्या आकारामागे धावू लागली, तर डोळाही तिच्यामागे धावतो आणि दर सेंटिमीटरला थांबतो. समांतर पट्टा आकार सांगत बसत नाही. तो फक्त म्हणतो, इथे सावली आहे, आणि उजेड या बाजूनं येतो आहे. एकाच रेषेनं छटाही दिली आणि दिशाही दिली. आकार कुठे कळतो? पट्टा जिथे तुटतो त्या काठावर. म्हणून झग्याची बाह्यरेषा काही ठिकाणी सोडून दिली तरी चालते. सावलीचा काठच बाह्यरेषेचं काम करतो.

एक सराव सांगते. तुमचं चित्र प्रत्यक्ष मापात, 9 × 13 मध्येच, कागदावर फक्त तीन छटांत काढा: कागदाचा पांढरा, मधला राखाडी, काळा. ब्रश वापरा, पेन नको. मग हात लांब करून बघा. आई आणि मूल एका आकारात दिसले पाहिजेत. नाही दिसले तर सुई हातात घेण्यात अर्थ नाही, कारण रेषा ही चूक झाकत नाही, उलट शंभर वेळा गिरवते. तीन छटा जमल्या की प्रत्येक छटेच्या भागाला एकच दिशा ठरवून द्या. भिंतीला एक, झग्याच्या सावलीला दुसरी, जमिनीला तिसरी. चेहऱ्याला जवळजवळ काहीच नाही. तिथे डोळ्याची पापणी, नाकाखालची सावली, ओठांची फट एवढंच. एवढ्या मापात चेहरा सेंटिमीटरभर असतो. दहा रेषा झाल्या की तो म्हातारा दिसायला लागतो.

हे करताना आरसा जवळ ठेवा. छापल्यावर सगळं उलटं होणार. नेहमीच्या चित्रात ही फक्त गैरसोय असते, धार्मिक चित्रात मात्र अर्थ बदलतो. आशीर्वाद देणारा उजवा हात छापात डावा झाला तर जाणकार माणसाला तो लगेच खटकतो. म्हणून प्लेटवर तो डावा काढायचा. सहीसुद्धा उलटी लिहायला शिकून घ्या.

आता मळकट भिंत. इथे मी सविस्तर लिहिते, कारण याच चुकीत माझी एक अख्खी प्लेट गेली आहे. एम्माऊसच्या भोजनाचा, म्हणजे पुन्हा जिवंत झालेला येशू दोन शिष्यांसोबत जेवायला बसतो तो प्रसंग होता, प्लेट 10 × 12 ची. मागची भिंत मिट्ट काळी हवी म्हणून मी अतिशय बारीक सुईनं, भिंगाखाली, आडव्या-उभ्या-तिरक्या रेषांची दाट जाळी विणली. तीन संध्याकाळी गेल्या. मग प्लेट तासभर फेरिक क्लोराईडमध्ये, म्हणजे तांबं खाणाऱ्या द्रावणात, ठेवली. प्रूफ, म्हणजे चाचणीचा छाप, निघाला तर भिंतीच्या जागी पुसट करडा डाग, आणि त्याच्या कडेला मात्र गडद किनार. मला वाटलं शाई कमी पडली. पुन्हा शाई भरली, पुन्हा तेच.

झालं होतं असं. ॲसिड रेषेत खाली खातं तसं बाजूलाही खातं. रेषा जितकी खोल, तितकी रुंद होत जाते. दोन रेषांमध्ये तांब्याची बारीक भिंत असते आणि तिच्यावर ग्राउंडचा पातळ थर. रेषा फार जवळ असल्या की दोन्हीकडून खाल्लं जाऊन ती भिंत कोसळते, वरचा ग्राउंड सुटतो, आणि रेषांच्या जागी एक सपाट उथळ खळगा उरतो. सपाट खळग्यात शाई ठरत नाही. टार्लटननं (शाई पुसायच्या जाळीदार कापडानं) पुसताना ती निघून जाते, फक्त कडेला राहते. म्हणून मध्ये करडं आणि भोवती काळी किनार. तुमच्या भिंतीचं वर्णन वाचून मला तीच प्लेट आठवली. भिंगातून तुमचं तांबं बघा: रेषा वेगवेगळ्या दिसतात की सगळं खरवडल्यासारखं दिसतं? सपाट, दाणेदार दिसलं तर निदान पक्कं.

काळेपणा रेषांच्या गर्दीतून येत नाही. खोल रेषेत जास्त शाई मावते आणि छापताना ती कागदावर उंचवट्यासारखी उभी राहते. गडद दिसतं ते या उंच शाईमुळे. म्हणजे रेषा कमी, अंतर जास्त, खोली जास्त. मी खोल खाऊ द्यायच्या रेषांमध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या आत जात नाही. पहिल्या थरात एकाच दिशेच्या रेषा काढते, त्या खोल खाऊ देते, ग्राउंड काढून प्रूफ घेते. मग पारदर्शक ग्राउंड पुन्हा लावते, म्हणजे खालच्या रेषा दिसत राहतात, आणि दुसरा थर वेगळ्या कोनात, थोडा हलका. हवं तर तिसरा. दर वेळी आधीच्या रेषा ग्राउंडखाली सुरक्षित असतात, म्हणून मधलं तांबं टिकतं. कोनाबद्दल एक सूचना: नव्वद अंशांत छेद दिला तर खिडकीच्या जाळीसारखं ठोकळेबाज दिसतं. तीस अंशांच्या आसपास ठेवा. त्यातून लांबट चौकटी तयार होतात आणि काळोखाला श्वास घ्यायला जागा मिळते.

वेळेचं म्हणाल तर माझ्याकडे बऱ्यापैकी ताज्या फेरिक क्लोराईडमध्ये दूरच्या फिकट रेषांना आठ-दहा मिनिटं, मधल्यांना पंचवीस-तीस, गडदांना तास ते सव्वा तास लागतो. थंडीत याहून जास्त. तुमचं द्रावण वेगळं वागेल, म्हणून एका तुकड्यावर पाच-पाच मिनिटांची पट्टी आधी करून घ्या. फेरिकमध्ये गाळ रेषेत बसतो आणि खाणं मंदावतं. प्लेट उभी ठेवा, किंवा तोंड खाली करून तरंगती ठेवा. नायट्रिक ॲसिड वापरत असाल तर बुडबुडे पिसानं सतत बाजूला करत राहा. बुडबुडा बसलेल्या जागी रेषा तुटक होते, आणि नायट्रिकमध्ये रेषा रुंद होण्याची खोडही जास्त असते. हवा खेळती असू द्या आणि हातमोजे विसरू नका.

वेगवेगळ्या वेळा देण्यासाठी फिकट भाग मध्येच वार्निशनं झाकायचे, ही युक्ती फार जुनी आहे. इटलीच्या फेदेरिको बारोच्चीनं आयुष्यात चारच एचिंग केली, पण सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या त्या चित्रांत त्यानं झाकून झाकून खाऊ देण्याची पद्धत इतकी नाजूकपणे वापरली की ढग आणि चेहरे धुरासारखे मऊ झाले. त्यातलं ढगांतल्या मरिया आणि बाळाचं चित्र तर तुमच्याच विषयाचं आहे. चांगली प्रतिकृती मिळाली तर ढगांतल्या रेषा आणि झग्यातल्या रेषा यांची जाडी ताडून बघा.

पण तुमच्या चित्राला रात्र खरंच हवी आहे का, हा प्रश्न आधी स्वतःला विचारा. मांजर-सापाच्या खोलीत मिट्ट काळोख नाही. तिथे दिवसाचा उजेड आहे, आणि कोरा कागद हीच तिथली श्रीमंती. रात्र हवीच असेल तर रेम्ब्रांटनं तीही या मापात केली आहे. 1644 च्या सुमाराचं मिसरच्या वाटेवरच्या विश्रांतीचं रात्रीचं चित्र जेमतेम 9 × 6 सेंटिमीटरचं, तुमच्या प्लेटच्या निम्मं. झाडाला टांगलेला एक कंदील, आणि सगळा उजेड त्याचा. 1651 च्या रात्रीच्या पलायनात योसेफाच्या हातात कंदील आहे. ती प्लेट त्यानं पुन्हा पुन्हा हाती घेऊन काळोख वाढवत नेला, म्हणजे पहिल्याच फेरीत सगळं गडद करायची घाई त्यानंही केली नाही. 1652 च्या सुमाराच्या मेंढपाळांच्या चित्रात तर मेंढपाळाचा कंदील सोडला तर सगळं अंधारात चाचपडावं लागतं. तिन्ही चित्रांत एक गोष्ट समान आहे: उजेडाचा उगम चित्राच्या आत, हातात धरता येईल एवढ्या वस्तूत आहे. काळोखाला त्यामुळे माप मिळतं. तुमच्या भिंतीला असा उगम नाही, म्हणून ती काळी झाली तरी रात्र वाटणार नाही, शाई वाटेल.

ड्रायपॉइंटबद्दल थोडंच. सुईनं थेट तांब्यावर ओरखडा काढला की कडेला तांब्याचा बर, म्हणजे खरखरीत उंचवटा, उठतो, तो शाई धरतो आणि मखमली काळा देतो. एचिंग पुरं झाल्यावर शेवटचे चार-पाच ठिपके-रेषा त्यानं द्याव्यात, झग्याच्या सगळ्यात खोल घडीत किंवा सापाच्या पोटाखाली. सगळी भिंत ड्रायपॉइंटनं भरू नका. प्रेसच्या दाबाखाली बर लवकर झिजतो, आणि थोड्याच प्रतींनंतर रचनेचा तोल बदलतो.

शाई आणि कागद. छोट्या प्लेटवर पृष्ठभागावर शाईचा पातळ पडदा ठेवायचा मोह होतो, वातावरण तयार होतं म्हणून. कोपऱ्यात ठेवा, पण आई आणि मुलाच्या जागी तळहातानं स्वच्छ पुसा. रेषेनं जे उजळ ठेवलं ते पुसताना मळवणं हा स्वतःच्याच कामावर अन्याय आहे. कागद पातळ आणि ओलसर घ्या. रेम्ब्रांट 1647 च्या सुमारापासून जपानी कागदावरही छापायचा. त्याच्या उबदार रंगावर बारीक रेषा मऊ उतरते. जाड, खरखरीत कागद एवढ्या मापाला जड पडतो. प्लेटच्या कडा बाकी नीट उतरत्या घासा, नाहीतर कागद फाटतो आणि प्रेसमधलं फेल्टचं जाड कापडही.

प्रतिकृती बघून रेषा मोजायच्या तर निदान मूळ मापाच्या तरी बघा. पडद्यावर मोठं करून बघितलेल्या रेम्ब्रांटनं अनेकांची दिशाभूल केली आहे. या चित्राची मूळ तांब्याची प्लेट लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. छापातली खोली नेमकी उलटी कोरलेली त्या तांब्यात बघायला मिळते.

तुमची सध्याची प्लेट टाकून देऊ नका. भिंतीचा बिघडलेला भाग स्क्रेपरनं खरवडा, बर्निशरला तेल लावून घोटा. खळगा फार खोल नसावा, कारण सपाट खाणं सहसा उथळच राहतं. घोटताना तांबं किंचित खाली बसेल आणि तिथे हलकी छटा राहील. ती राहू द्या. तारा आणि देवदूतही काढून टाका. प्रभावळीचं कडं घोटून टाका आणि त्या जागी मागे खिडकी किंवा उघडं दार येतं का बघा, ज्याचा उजेड भिंतीवर पडेल. मग भिंतीला एकाच दिशेच्या मोकळ्या रेषांचा एक थर द्या, अर्ध्या तासाचा. त्यानंतरचा प्रूफ दोन दिवस भिंतीवर लावून ठेवा, आणि दुसरा थर हवा की नको ते त्यानंतरच ठरवा.